दोन डास, तीन चिमण्या

डासांमुळे पसरणाऱ्या रोगांच्या गणिताचा उगम शोधताना बहुतेक जण सिकंदराबादला थांबतात. २० ऑगस्ट १८९७ रोजी तिथे रोनाल्ड रॉस या ब्रिटिश डॉक्टरांनी हुसेन खान या हिवतापाच्या रुग्णाला चावलेला, पंखांवर ठिपके असलेला एक डास चिरला आणि त्याच्या जठराच्या भिंतीत काळसर कण असलेल्या पेशी, म्हणजे हिवतापाचे वाढते परजीवी, पाहिल्या. शोध मोठाच होता. पण १८ डिसेंबरला ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलेल्या लेखाचे शीर्षकच सांगते की पुरावा दोन डासांचा होता. एवढ्यावर गणित उभे राहत नाही.

आकडे मिळाले ते पक्ष्यांकडून. सप्टेंबरात रॉस यांची राजपुतान्यात खेरवाड्याला बदली झाली आणि फेब्रुवारी १८९८ मध्ये ते कलकत्त्याला पोहोचले. तिथे त्यांनी पक्ष्यांचा हिवताप हाती घेतला; महंमद बक्ष हा त्यांचा मदतनीस. रोगी पक्ष्यांना चावलेल्या २४५ करड्या डासांपैकी १७८ मध्ये त्या पेशी सापडल्या. पक्ष्यांच्या हिवतापाचा परजीवी नसलेले रक्त प्यायलेल्या २४९ डासांपैकी एकातही नाही. मला मात्र त्यांचा तीन चिमण्यांचा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. एकीच्या रक्तात परजीवी भरपूर, दुसरीच्या बेताचे, तिसरीच्या अजिबात नाहीत. प्रत्येकीवर पोसलेले दहा-दहा डास तपासले. पेशी भरल्या अनुक्रमे १००९, २९२ आणि शून्य. ‘डास रोग वाहतो का?’ हा प्रश्न इथे ‘किती वाहतो?’ असा झाला. जुलैत परजीवी डासाच्या लाळग्रंथींत दिसले, आणि डास चावून निरोगी चिमण्या आजारी पडल्याचेही सिद्ध झाले.

पुढे मॉरिशसमधील हिवतापावरच्या १९०८ च्या अहवालात आणि हिवताप-प्रतिबंधावरील ग्रंथाच्या १९११ च्या आवृत्तीत रॉस यांनी समीकरणे मांडली. सगळे डास मारावे लागत नाहीत. माणसामागे असलेली त्यांची संख्या एका मर्यादेखाली गेली की रोग आपोआप ओसरतो, हा त्यांचा निष्कर्ष. हिवताप-संशोधक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात त्यात डासाच्या आयुर्मानाचा हिशेब पक्का केला.

ही चौकट विषाणूंनाही लागू पडली. डास आणि पक्ष्यांमध्ये फिरणारा वेस्ट नाईल विषाणू १९९९ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला आणि कावळे पटापट मरू लागले. २००४ मध्ये संशोधक मार्जोरी वॉनहॅम आणि सहकाऱ्यांनी त्या साथीचे गणिती प्रतिमान मांडले. डास कमी केले तर साथीचा धोका घटतो. पक्षी कमी केले तर उलट वाढतो, कारण उरलेल्या प्रत्येक पक्ष्यामागे डास जास्त होतात. माणसामागे डास किती हे रॉस यांचे गुणोत्तर इथे पक्ष्यांमागे तेच काम करते.

आपल्याकडे डासांमुळेच पसरणाऱ्या जपानी मेंदूज्वराचा विषाणू बगळे आणि ढोकरीसारख्या पाणपक्ष्यांत वाढतो. साथ आली म्हणून गावाजवळची त्यांची वीण उधळून लावू नका. साचलेल्या पाण्यातली डासांची पैदास थांबवा.