माणशी महसूल

माणशी महसूल : कंपनीच्या वार्षिक महसुलाला कर्मचारीसंख्येने भागून येणारा आकडा. तंत्रज्ञान कंपनीची वाढ भरतीवर किती अवलंबून आहे, हे त्यावरून ताडता येते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा २०२३-२४ मधील महसूल सुमारे २.४१ लाख कोटी रुपये आणि मनुष्यबळ सुमारे ६ लाख. म्हणजे माणशी ४० लाख रुपये. सेवा कंपनी मुख्यतः माणसांचे श्रम विकते, त्यामुळे काम वाढले की भरती आलीच.

एनव्हिडियाचे गणित वेगळे. जानेवारी २०२३ अखेरच्या वर्षात तिचा माणशी महसूल सुमारे १० लाख डॉलर होता. पुढच्याच वर्षी तो दुप्पट झाला, माणसे मात्र जेमतेम एक अष्टमांशाने वाढली. अर्थात ही कंपनी चिपचा केवळ आराखडा करते. घडवणारे हात मुख्यतः तैवानच्या टीएसएमसीचे, आणि ते या भागाकारात मोजले जात नाहीत. कंत्राटी माणसेही अशीच निसटतात.

नवख्या कंपनीबाबत हा आकडा फसवा ठरतो. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप सुमारे १,९०० कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले, तेव्हा तिथे ५५ माणसे होती. आदल्या वर्षीचा माणशी महसूल २ लाख डॉलरही भरत नव्हता. वापरकर्ते मात्र ४५ कोटी होते.