आगोट आणि पाहुण्यांचे घर

पनवेलकडे काय किंवा वसईकडे काय, पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणण्याची कोकणची रीत आहे. मे सरत आला की घरधनी कौले परतून घेई, ओटीच्या उघड्या अंगाला झावळ्यांच्या झापांचा आडोसा करी; सरपण, मीठ, सुके बोंबील माळ्यावर चढत. हे सारे मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी उरकायचे. दसऱ्याच्या सुमारास झाप उतरत.

ही तयारी पावसासाठी होती. वादळाने मृगाचा मुहूर्त कधी पाळलेला नाही. पोर्तुगीज वसईतील चर्च आणि मठ ज्या तुफानाने उद्ध्वस्त केले, ते १६१८ च्या मे महिन्यातले. मुंबईला झोडपणारे १९४८ चे वादळ आणि २००९ चे ‘फयान’ ही दोन्ही नोव्हेंबरातली, म्हणजे झाप उतरल्यानंतरची. अरबी समुद्राचे वादळी ऋतू दोन असतात: एक मोसमी पावसाआधी, दुसरा त्याच्यामागून. ऐन पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांचा वेग व दिशा इतकी भिन्न असते की चक्रीवादळाला सहसा उभेच राहता येत नाही.

३ जून २०२० रोजी, मृगाला चार दिवस असताना, ‘निसर्ग’ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वारा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक. श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. टाळेबंदीमुळे जिल्ह्याबाहेरून येण्यास परवाना लागत होता. अशा दिवसांत मुंबईकर मालकाने आपल्या शेतघराची आगोट करावी तरी कशी?

कारण पनवेल तालुक्यात, माथेरानच्या पायथ्याशी नेरे-मालडुंग्याच्या बाजूस, आता सुट्टीपुरती भाड्याने दिली जाणारी घरे पुष्कळ. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौले कोकणभर पोहोचली. वाऱ्यात कौले एकेक करून निसटत. पडवीवरचा पत्रा मात्र एका कडेने उचलला गेला की अखंड उडतो, आणि ज्याच्या अंगणात पडेल तो दुसराच असतो. म्हणून पत्र्याचे हूक मेच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा सप्टेंबरअखेर पाहावेत. गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी ठेवू नये, भरून ठेवावी. बागेतल्या खुर्च्या, छत्र्या, कुंड्या आत घ्याव्यात. घरावर झुकलेल्या फांद्या आधीच उतरवाव्यात. इशारा लागला की पाहुण्यांचे आरक्षण रद्द करून पैसे परत द्यावेत. ही आगोट मालकांना सर्वांत जड जाते, असा आमचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याच यादीत आम्हाला दिसली नाही. बंगल्यावर स्लॅब असतो. फाटकाजवळच्या राखणदाराच्या खोलीवर बहुधा पत्रा. पूर्वी घर शाकारणारा आणि त्यात राहणारा एकच असे. आता वादळाच्या रात्री बंगला कुलपात रिकामा आणि राखणदाराची मुले पत्र्याखाली. त्या रात्रीपुरती बंगल्याची किल्ली त्याच्या हाती असावी, आणि हे मालकाने मे महिन्यातच त्याला सांगून ठेवावे.