विंचेस्टरांच्या घरचं कर्ज

आज 'सुपरनॅचरल'. १३ सप्टेंबर २००५ ला सुरू झाली, १९ नोव्हेंबर २०२० ला संपली. पंधरा सीझन, ३२७ भाग. मी शेवटापर्यंतचं सगळं सांगणार आहे, तेव्हा स्पॉयलर नको असतील तर इथेच थांबा.

गोष्ट वरवर साधी. डीन आणि सॅम विंचेस्टर हे दोन भाऊ, त्यांची १९६७ ची काळी इम्पाला गाडी, आणि अमेरिकेतल्या गावोगावच्या भुतांची शिकार. (शूटिंग मात्र बहुतेक कॅनडात, व्हँकुव्हरच्या आसपास.) निर्माता एरिक क्रिपकीला अमेरिकेतल्या दंतकथा पडद्यावर आणायच्या होत्या. सुरुवातीचे बरेच भाग तसेच आहेत, दर आठवड्याला नवीन भूत. पण लोक चिकटून राहिले ते भुतांसाठी नाही, त्या दोन भावांसाठी.

आता या घरातला हिशोब बघा. २ नोव्हेंबर १९८३, कॅन्सस राज्यातलं लॉरेन्स गाव. पिवळ्या डोळ्यांचा एक सैतान तान्ह्या सॅमच्या खोलीत येतो, आई मेरी मरते, घराला आग लागते. बाप जॉन चार वर्षांच्या डीनच्या हातात बाळ देतो आणि सांगतो, पळ. डीनचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यात आहे. तो बाळाला घेऊन पळतच राहतो.

आपल्याला वाटतं, बिचाऱ्यांचं नशीब. मग चौथ्या सीझनमध्ये डीन १९७३ सालात जातो आणि कळतं की सैतान उगाच आला नव्हता. जॉन तिच्या डोळ्यांदेखत मेला तेव्हा मेरीनेच सौदा केला होता. जॉनला परत दे, त्याच्या बदल्यात दहा वर्षांनी माझ्या घरात ये. कशासाठी येणार, हेही तिला माहीत नव्हतं. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला जॉन मरणाऱ्या डीनसाठी स्वतःचा आत्मा देतो. त्याच सीझनच्या शेवटी, २००७ मध्ये, मेलेल्या सॅमसाठी डीन चौरस्त्यावर जाऊन आपला आत्मा विकतो. मुदत एक वर्ष, नंतर नरक. (चौरस्ता म्हणजे आपला तिठा. तिथे रात्री काय काय ठेवतात ते कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको!)

म्हणजे या मालिकेतली नियती आकाशातून पडत नाही. घरातलं कोणीतरी कोणावर तरी जीव टाकतं, त्या मायेपोटी काहीतरी गहाण ठेवतं, आणि हप्ते पुढच्या माणसाच्या नावावर चढतात. इंग्रजीत याला प्रेम म्हणा, त्याग म्हणा. मराठीत नेमका शब्द आहे, ऋणानुबंध. नातं आणि कर्ज एकाच शब्दात.

खरा स्वर्गही मालिकेत आहेच. पाचव्या सीझनमध्ये देवदूत सांगतात की हे दोघे जन्मले तेच मुळी मायकेल आणि ल्युसिफर यांची शरीरं म्हणून. थोरला भाऊ धाकट्याला मारणार, हे ठरलेलं. जॉन आणि मेरीचं लग्नसुद्धा वरून आलेल्या आदेशाने जुळवलेलं. लग्नगाठी स्वर्गात बांधल्या जातात म्हणतात, ते इथे कार्यालयीन कामकाज आहे. मे २०१० च्या शेवटच्या भागात ती योजना फसते कशाने, तर सॅमने लहानपणी इम्पालाच्या अ‍ॅश-ट्रेमध्ये कोंबलेल्या प्लास्टिकच्या सैनिकाने. ते खेळणं दिसतं, ल्युसिफरच्या ताब्यातला सॅम भानावर येतो आणि त्याला घेऊन खड्ड्यात उडी मारतो.

क्रिपकीची मूळ कथा इथे संपत होती. पण सहावा सीझन मंजूर झाला होता. क्रिपकी रोजच्या कारभारातून बाजूला झाला, सूत्रं सेरा गॅम्बलकडे गेली, आणि मेलेल्यांना परत आणणं भाग पडलं. माझ्या मते खरी मजा इथून आहे, कारण आता तीच माया रोगासारखी दिसायला लागते. नवव्या सीझनच्या सुरुवातीला सॅम मरायला तयार आहे. डीन त्याला फसवून एक देवदूत त्याच्या शरीरात घुसवतो. सॅम वाचतो, आणि कळल्यावर चिडतो. पुढे तो डीनला तोंडावर सांगतो की तुझ्या जागी मी असतो, तर असं केलं नसतं.

तो भाग मी पॉज करून बसलो होतो. माझ्या दादाने माझ्या फीसाठी स्वतःचं कॉलेज सोडलं. मला न विचारता. आमच्यात भांडण नाही, पण जेवताना त्याचे कॉलेजचे मित्र टीव्हीवर दिसावेत तसे कधीतरी विषयात येतात आणि आई पटकन भाजी वाढते. सॅमचा राग मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मालिकेची शेवटची युक्ती आता थोडक्यात. २००९ मध्ये चक नावाचा एक दारुडा लेखक आला होता, जो या भावांच्याच आयुष्यावर कादंबऱ्या लिहायचा. अकराव्या सीझनमध्ये कळतं की तो साक्षात देव आहे, आणि पुढे तोच खलनायक ठरतो, कारण त्याला ही गोष्ट स्वतःला हवी तशीच संपवायची असते. पंधरा वर्षं चाललेल्या मालिकेने स्वतःच्याच लेखकांना मारलेला हा टोमणा आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शूटिंग थांबलं. दोन भाग बाकी होते, ते ऑगस्टपासून पुढे पूर्ण झाले. शेवटच्या भागात डीन मरतो. ना सैतान, ना देव. एका साध्या मोहिमेत, पाठीत घुसलेल्या गंजक्या सळईने. पुष्कळ चाहते भडकले आणि अजून भडकलेले आहेत. मला विचाराल तर दुसरा शेवट शक्यच नव्हता. कारण डीन सॅमला बजावतो की मला परत आणायचं नाही, तू फक्त जा म्हण. आणि सॅम रडत रडत 'जा' म्हणतो. चौरस्त्यावर जात नाही. १९७३ पासून चाललेला हिशोब तिथे बंद होतो. पुढे सॅम म्हातारा होतो, आणि मरताना त्याचा मुलगा त्याला तेच म्हणतो. मुलाचं नाव डीन.

नव्याने बघणार असाल तर पहिले पाच सीझन सलग बघा. सातवा रेंगाळतो, तो पळवला तरी चालेल. नववा मात्र सोडू नका. आणि भावंडांबरोबर बघणार असाल, तर जेवताना लावू नका.