बबलगममधले क्रिकेटवीर

अमेरिकेत बेसबॉलपटूंची आणि इंग्लंडात क्रिकेटपटूंची कार्डे आरंभी सिगारेटच्या पाकिटांतून घरोघर गेली. इंग्लंडच्या विल्स कंपनीने 1896 साली क्रिकेटपटूंची मालिका काढली. पाकिटाला ताठपणा आणि गिऱ्हाइकाला आमिष, असा कार्डांचा दुहेरी उपयोग होता.

आपल्याकडे अशी कार्डे मुलांच्या हाती आली ती ‘बिग फन’ बबलगममधून, 1987च्या विश्वचषकाच्या सुमारास. त्याच स्पर्धेत 31 ऑक्टोबरला नागपुरात चेतन शर्मांनी हॅटट्रिक साधली आणि सुनील गावसकरांनी आपले एकमेव एकदिवसीय शतक केले. नागपूर-मुंबई लोहमार्गावरच्या पुलगावसारख्या गिरणीच्या गावाला हे वीर जवळचेच होते.

मात्र या कार्डांवर धावा किंवा बळी छापलेले असत. ठरावीक बेरीज जमली की कार्डे देऊन बक्षीस मिळे. म्हणजे संग्रह भरला की हातचा जाई. इंग्लंडातला संग्राहक मालिका वहीत चिकटवून ठेवी, इथला मुलगा ती खर्च करी. म्हणून आज जुन्या ट्रंकेत एखादे कार्ड सापडले, तर एक तर बेरीज अपुरी राहिलेली असते, नाहीतर त्या खेळाडूवरचा जीव बक्षिसाहून मोठा ठरलेला असतो. खेळाडूच्या लोकप्रियतेची ही नोंद धावफलकात मिळत नाही.