आगर, घाणा आणि कात : पेण-रोह्याच्या वस्तीची घडण

पेण भोगावतीच्या काठी आणि रोहा कुंडलिकेच्या. जिथपर्यंत भरतीचे पाणी चढते आणि जिथून सह्याद्रीकडे चढण लागते, त्या सांध्यावर ही दोन्ही गावे वसली. पश्चिमेला खाडी, खाजण आणि खारबंदिस्ती, मध्ये भाताची सपाटी, पूर्वेला जंगल व डोंगर असे तीन पट्टे या तालुक्यांत थोड्याच अंतरात येतात. कोणता समाज कुठे राहिला आणि त्याला काय नाव पडले, हे बरेचसे या पट्ट्यांनीच ठरवले. इथल्या अनेक जमातींची नावे मुळात कामाची नावे आहेत. काम गेल्यावरही नाव राहिले, आणि मग तेच नाव रक्ताचे, कुळाचे मानले जाऊ लागले.

आगरी हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. आगर म्हणजे मिठाचा किंवा भाताचा वाफा. तो पिकवणारा तो आगरी. पेण तालुक्याच्या खाडीपट्ट्यात वाशी, वडखळ, दादर, रावे अशा गावांत याच समाजाची वस्ती दाट आहे. खाऱ्या पाण्याला बांध घालून जमीन मिळवायची, पावसाने तिचा खार धुऊन निघू द्यायचा, मग त्यात खारे पाणी सोसणारा भात लावायचा, असे हे पिढ्यान्‌पिढ्यांचे तंत्र. बांध एकट्याने राखता येत नाही. उधाणाच्या रात्री खांड पडली तर अख्खे गाव माती-पेंढा घेऊन धावते, नाहीतर पुढची काही वर्षे शेतात पीक उभे राहत नाही. गावकीची जी घट्ट वीण आगरी गावांत दिसते, तिचे मूळ रक्तापेक्षा या बांधात शोधणे जास्त योग्य ठरेल. १९४८ च्या खार जमीन कायद्याने बांधांची जबाबदारी सरकारकडे आली, पण उधाण काही कायदा पाहून येत नाही. आगरी बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत : पाणी ‘पानी’ होते, डोळा ‘डोला’ होतो. शहरातल्या कानाला हा अडाणीपणा वाटत आला, पण तो बोलीचा स्वतःचा नियम आहे.

ही मेहनत ज्या जमिनीवर होत होती ती मात्र बहुधा दुसऱ्याच्या नावावर होती. खोत आणि सावकार यांच्यात ब्राह्मण, कायस्थ, मराठा, मुसलमान, मारवाडी असे सगळेच होते. कूळ मात्र बहुतेक आगरी किंवा कुणबी. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी गावापासून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ एवढा दीर्घ चालला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या संपाने साऱ्या खारेपाटाला, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्याला, कुळाच्या हक्काची भाषा दिली. कूळकायदा १९४८ चा, तर खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. पुढे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन संपादन होऊ लागले, तेव्हा सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. देशात असे मतदान क्वचितच झाले असेल. बहुसंख्य मते जमीन देण्याच्या विरोधात पडली.

कोळ्यांची वस्ती आगरी वस्तीला लागूनच, पण वेगळी. त्यांची उपजीविका खाडीतल्या मासळीवर.

पेठांचा थर निराळा. मुंबईहून मचव्याने माल पेणला यायचा आणि बैलांवर लादून बोरघाटाने वर जायचा. घाटावरचे धान्य त्याच वाटेने उतरायचे. या उलाढालीमुळे पेणेत ब्राह्मण, गुजर वाणी, मारवाडी, तांबट, सोनार, शिंपी यांच्या आळ्या उभ्या राहिल्या. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटावरचा व्यापार पेणला वळसा घालून जाऊ लागला. पेठ उरली ती तांदूळ, पोहे आणि मिठावर. रोह्याची ओळख चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे गाव अशी. देशमुखी, चिटणिशी, कुलकर्ण अशा लेखणीच्या वतनांमुळे हा लहानसा समाज इथे मुळे धरून राहिला आणि इंग्रजी शिक्षण येताच सर्वांत आधी शाळेत शिरला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख याच रोह्याच्या घराण्यातले. स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले १९२० मध्ये रोह्यातच जन्मले, आणि विनोबा भावे १८९५ मध्ये पेण तालुक्यातल्या गागोद्यात. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला रोह्यात पोलीस मानवंदना देतात. पालखी साऱ्या गावात फिरते.

कुंडलिकेपलीकडचे अष्टमी हे रोह्याचे जुळे गाव, आणि दोहोंची नगरपालिकाही एकच. इथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. समुद्रमार्गे आलेले अरब व्यापारी आणि स्थानिक कुटुंबे यांच्या संबंधांतून हा समाज घडला असे मानले जाते; घरची बोली कोकणी वळणाची मराठी. पेणजवळच्या सांकशी किल्ल्याच्या पायथ्याला बद्रुद्दीनचा दर्गा आहे आणि किल्लाही त्या नावाने ओळखला जातो. पेण तालुक्याला एकेकाळी सांकशी तालुकाच म्हणत. रोह्याच्या दक्षिणेला मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी राज्य होते. आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांचे हे राज्य १९४८ पर्यंत टिकले. त्याच्या मुलखाला लोक हबसाणच म्हणत. म्हणजे भिन्न वंश आणि भिन्न वर्ण इथल्या माणसांना आगबोटी येण्याच्या कितीतरी आधीपासून परिचयाचे होते.

पेण-रोह्यातला सर्वांत अनोखा समाज बेने इस्रायल. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. ती केव्हा, कुठून आली यावर विद्वानांची मते जुळत नाहीत. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत मात्र पश्चिम आशियाई आणि भारतीय असे दोन्ही वारसे दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी शनिवार पाळला, सुंता पाळली, ‘शेमा’ ही प्रार्थना म्हटली. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद असल्याने गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. त्यांचा धर्म कोणता, याची गावाला फारशी पडलेली नव्हती. आडनावे गावावरून : पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, दिवेकर. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने केला जाणारा मलिदा पोहे, गूळ, नारळ आणि फळांचा. पोह्यांच्या मुलखात तो दुसऱ्या कशाचा असणार? समाजातही गोरे आणि काळे असे दोन भाग होते. बाहेरच्या स्त्रियांशी झालेल्या संबंधांतून जन्मलेल्या संततीला ‘काळे’ म्हणत आणि त्यांच्याशी रोटीबेटी टाळत. जातीचा हा संस्कार शेजाऱ्यांकडूनच आलेला.

अठराव्या शतकापासून हे लोक मुंबईला, कंपनीच्या पलटणीत, पुढे रेल्वेत आणि कचेऱ्यांत गेले. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. पेण आणि अष्टमीतही एकोणिसाव्या शतकात सिनेगॉगे उभी राहिली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. तिथे त्यांना खरे यहुदी मानायचे की नाही हा वाद पेटला. १९६४ मध्ये इस्रायली संसदेच्या ठरावाने तो मिटला. तिथून ते ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढत आले. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा पेणेत मोजकीच घरे उरली होती.

डोंगरपट्ट्यात ठाकूर, धनगर आणि कातकरी. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. वनखात्याने जंगल राखीव केले, तेव्हा कात पाडणे, कोळसा लावणे, शिकार सगळेच गुन्हे ठरले. १९३० मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात मेलेल्यांत आगऱ्यांसोबत नाग्या महादू कातकरी हाही होता. आज कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिवासी जमातींपैकी एक. इतर दोन कोलाम आणि माडिया गोंड. पावसाळा सरला की ‘उचल’ (आगाऊ मजुरी) घेऊन कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाआधी परततात. ज्या जागेवर वाडी, ती जमीन पुष्कळदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते.

१९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि १९५६ नंतर गावकुसाबाहेरच्या महारवाड्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. इथे एका समाजाने स्वतःच आपले नाव बदलले.

या सगळ्यांची मोजदाद इंग्रजांनी केली. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरने प्रत्येक जातीचे घर, पेहराव, लग्नविधी, अगदी स्वभावसुद्धा नोंदवला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझले यांचा नाकांची मापे घेऊन वंश ठरवता येतो, असा विश्वास होता. सर्व जातींची मोजणी करणारी शेवटची वसाहतकालीन जनगणना १९३१ ची. स्वतंत्र भारताच्या २०११ पर्यंतच्या जनगणनांत धर्म, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती एवढेच रकाने राहिले. आगरी, कुणबी, कायस्थ त्यात दिसत नाहीत. २०११ मध्ये पेण शहरात सुमारे ३८ हजार आणि रोहा-अष्टमीत सुमारे २१ हजार लोक होते.

१९७० नंतर मापे बदलली. रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत, नागोठण्याला पेट्रोकेमिकल प्रकल्प, डोलवीला पोलाद कारखाना आला. पनवेल-रोहा रेल्वे १९८६ मध्ये पूर्ण झाली आणि कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा इथले कामगार भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. त्यांना गावाने अजून एकच सरसकट नाव दिले आहे : ‘भय्या’. ते तितकेसे कौतुकाचे नाही.

पेणचा गणपती या साऱ्यांत वेगळा. शाडूच्या मूर्तींची कला शहरातल्या मोजक्या घरांत सुरू झाली. पुढे ती हमरापूर, जोहे, कळवे अशा आगरी गावांत पसरली. आज कारखान्यांत साचा भरणारे, आखणी करणारे, रंग देणारे हात आगऱ्यांचे, कुणब्यांचे, कातकऱ्यांचेही आहेत. परदेशात मूर्ती जाते ती गावाच्याच नावाने, जसे एकेकाळी इथल्या घाणेवाल्याचे आडनाव गावावरून पडले होते.