'केसरी'च्या गावात 'सुधारक'

श्रोतेहो, भाऊ भाऊ वेगळे निघाल्याची गोष्ट आपल्या खेड्यांतून कुणाला नवी नाही. मधे भिंत पडते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, आणि पुढची दहा वर्षे कुणाची म्हैस कुणाच्या बांधावर चरली यावर बोलणी होतात. आज तुम्हाला सांगायची आहे ती अशीच एका वाटणीची हकीकत. मात्र ही वाटणी जमिनीची नव्हती. ती वर्तमानपत्राची होती, आणि ती पुण्यात झाली.

हल्ली मोबाइलवरच्या गटात एखाद्याचे पटेनासे झाले, की तो बाहेर पडतो आणि दोन मिनिटांत आपला दुसरा गट काढतो. १८८८ साली हे इतके सोपे नव्हते. छापखाना लागे, कागद लागे, वर्गणीदार लागत. आणि ज्या लोकांत उठायचे-बसायचे, त्यांचाच रोष पत्करावा लागे. तरी एका माणसाने ते केले. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर.

आगरकर मूळचे कराडजवळच्या टेंभूचे, जन्म १८५६ सालचा. घरची गरिबी अशी की शिक्षणासाठी कराडात कचेरीत उमेदवारी करावी लागली, दवाखान्यात कंपाउंडरी करावी लागली. पुण्यास डेक्कन कॉलेजात आले तेव्हा अंगात घालायला एकच सदरा. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. त्याच कॉलेजात त्यांची आणि बळवंतराव टिळकांची गाठ पडली. दोघेही एकाच वर्षी जन्मलेले. सरकारी नोकरी करायची नाही, लोकांना शहाणे करण्यात आयुष्य घालवायचे, असा बेत दोघांनी तेथेच रात्री जागून पक्का केला.

पुढचा इतिहास शिक्षक मंडळींना तोंडपाठ असेल. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी टिळकांना बरोबर घेऊन न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर एम. ए. होऊन पाठोपाठ आले. १८८१ च्या जानेवारीत इंग्रजी 'मराठा' आणि मराठी 'केसरी' अशी दोन साप्ताहिके सुरू झाली. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारीचा, मंगळवारचा. देशी भाषांतील पत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा तेव्हा अजून उठायचा होता. तो उठला १८८२ त. 'केसरी'चे पहिले संपादक टिळक नव्हेत, आगरकर होते. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

वर्तमानपत्र म्हणजे त्या काळी काय होते, तेही ध्यानात घेतले पाहिजे. अंक गावात एक येई, तो मास्तरांकडे नाहीतर पोस्टात. वाचणारा एक आणि ऐकणारे पंधरा. देवळाच्या ओट्यावर वाचन व्हायचे, मग वाद व्हायचा, मग त्या वादातून कुणीतरी संपादकांस पत्र लिहायचा आणि ते छापून आले की पुन्हा वाद. तेव्हा पत्र हाती असणे म्हणजे नुसता कागद हाती असणे नव्हे. शेकडो ओट्यांवर एकाच वेळी बोलण्याची ती सोय होती.

या सोयीची किंमत दोघा मित्रांनी लवकरच मोजली. कोल्हापूरच्या तरुण महाराजांना जाच होत असल्याबद्दल दोन्ही पत्रांत कडक मजकूर आला. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिले होते, ती बनावट ठरली. १८८२ च्या जुलैत टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी एकशे एक दिवस काढले. आणि एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. खटल्यात त्यांना जामीन राहिले ते रामशेठ उरवणे, जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. फुल्यांवर चिपळूणकरांनी लेखणीचे आसूड ओढले होते, तरी जोतीरावांनी हात आखडला नाही.

आता इतके एकजीव झालेले दोघे फुटले कशावरून? कुणी पगाराची, संस्थेतल्या हक्कांची कारणे सांगतात. ती खोटी नाहीत. परंतु पत्राची वाटणी झाली ती मुख्यतः एका प्रश्नावरून: घरातल्या बाईमाणसाचे काय? १८८४ मध्ये मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली. त्याच साली मुंबईत दादाजी भिकाजी याने आपल्या पत्नीवर, रखमाबाईवर, नांदायला यावे म्हणून दावा लावला. लग्न झाले तेव्हा ती अकरा वर्षांची होती. कळत्या वयात तिने सांगितले, या लग्नाला मी संमती दिलेली नाही, मी जाणार नाही. १८८७ त न्यायालयाने हुकूम केला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. ती म्हणाली, तुरुंगात जाते. अखेर १८८८ त पैसे देऊन तडजोड झाली. हीच रखमाबाई पुढे डॉक्टर झाली आणि सुरत-राजकोटकडे तिने वर्षानुवर्षे बायकांना औषधपाणी केले.

या खटल्यात 'केसरी'चा कौल नवऱ्याच्या हक्काकडे पडला, आणि आगरकरांचे मन रखमाबाईकडे! संपादक एका बाजूला आणि चालक मंडळी दुसऱ्या बाजूला, असे किती दिवस चालणार? आपल्याच पत्रात आपलेच म्हणणे हात राखून मांडायचे, हे आगरकरांच्या स्वभावाला झेपणारे नव्हते. १८८७ च्या ऑक्टोबरात त्यांनी 'केसरी' सोडला.

वर्षभर ते स्वतःच्या पत्रावाचून राहिले. मग १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, दसऱ्याच्या सुमारास, 'सुधारक'चा पहिला अंक निघाला. अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. मराठी बाजू आगरकरांची. इंग्रजी बाजू बावीस वर्षांच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांची. पत्र काढण्याचा हेतू सांगणाऱ्या लेखातच आगरकरांनी बजावून टाकले, की लोकांना रुचते की नाही हे न पाहता आपल्याला योग्य दिसेल ते आपण बोलणार.

आणि बोलले! बायकांनी जाकिटे घातली पाहिजेत इथपासून ते सोवळ्याची मीमांसा, प्रेतसंस्कार, विधवांचे केशवपन इथपर्यंत, घरातली एक खुंटी त्यांनी हलवून पाहायची सोडली नाही. शास्त्रात काय आहे हे ते विचारीत नसत. बुद्धीला पटते का, हे विचारीत. रानड्यांसारखे सुधारक शास्त्रातला आधार शोधून लोकांना हळूहळू वळवू पाहत. आगरकरांना तो वळसा मान्य नव्हता.

माझे मत विचाराल तर भाषा कधी कधी गरजेपेक्षा बोचरी झाली आहे. ज्याला सुधारायचे त्यालाच मूर्ख म्हटले, की तो कानावर हात ठेवतो. वर्गावर शिकवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. घराघरांत आठ-दहा वर्षांच्या पोरी विधवा होऊन कोपऱ्यात बसत होत्या. तेथे सौम्य शब्द किती दिवस वापरायचे, हा आगरकरांचा प्रश्न होता.

पुण्याने उत्तर दिले ते पुणेरीच. सनातन्यांनी आगरकरांची प्रतिमा तिरडीवर बांधून, जिवंत माणसाची प्रेतयात्रा त्यांच्या घरावरून नेली. घरात पत्नी यशोदाबाई होत्या, जुन्या वळणाच्या, व्रतवैकल्ये करणाऱ्या. जगाला फैलावर घेणाऱ्या या माणसाने घरात त्यांच्या देवधर्माला मात्र हात लावला नाही.

खरी झुंज लागली ती १८९१ साली, संमतिवयाच्या कायद्यावरून. बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. सरकारने विवाहितेचेही संमतिवय दहावरून बारा करण्याचे विधेयक आणले. 'सुधारक' उघड बाजूने, 'केसरी' उघड विरुद्ध. टिळकांना बालविवाह गोड वाटत होता, असे मात्र समजू नये. आदल्याच वर्षी त्यांनी सुचवले होते, की मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करणार नाही, असे सुधारकांनी आधी स्वतः लिहून द्यावे. त्यांचे म्हणणे, आमच्या घरात परक्या सरकारने कायदा घेऊन येऊ नये. आगरकरांचे म्हणणे, पोरीचा जीव जातो आहे, तेव्हा दार कुणी उघडले हे काय विचारता? कायदा १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झाला. लोक मात्र 'केसरी'बरोबर गेले. संमतिवयाचा कायदा 'सुधारक'च्या मनासारखा झाला, पण गावोगावचे ओटे 'केसरी'नेच राखले, असे म्हणावे लागते.

येथे शेतकरी श्रोता विचारील, या भांडणात आम्ही कोठे होतो? रास्त प्रश्न आहे. केशवपन आणि सोवळे हे प्रामुख्याने पांढरपेशा घरांचे विषय. कुणब्याच्या घरचे कर्ज, सावकाराचा दावा, शाळेत न जाणारे पोर यांबद्दल बोलणारे पत्र पुण्यात या दोघांच्याही आधी निघाले होते: कृष्णराव भालेकरांचे 'दीनबंधु', १८७७ साली. ते चालवणे भालेकरांना जड गेले. १८८० त नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईस नेऊन उभे ठेवले. बालविवाह तेवढा सगळ्याच घरांत होता.

१८९० च्या अखेरीस टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीही सोडली. १८९२ त आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दिवसा शिकवणे, रात्री 'सुधारक'चा मजकूर, आणि सदाचा सोबती दमा. १७ जून १८९५ रोजी ते गेले. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. दुसऱ्यांच्या हाती 'सुधारक' पुढे काही वर्षे चालला, पण ती धार राहिली नाही.

तो दिवस सोमवारचा होता. 'केसरी'चा वार मंगळवार. ज्याच्याशी सात वर्षे आठवड्यामागून आठवडा लेखणीने झुंजले, त्या मित्राचा मृत्युलेख टिळकांना 'केसरी'साठी लिहायचा होता. सांगतात, की एरवी झरझर मजकूर सांगणाऱ्या टिळकांना त्या दिवशी तास तास शब्द सुचेना. डोळ्यांतले पाणी खळत नव्हते.