ओळीखालची माणसे : अमेरिकेच्या आरंभीच्या छपाईकडे जाताना

१६३८ साली ‘जॉन’ नावाचे जहाज इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सकडे निघाले. त्यात एक दाबयंत्र होते, कागद होता, आणि ते सारे विकत घेऊन निघालेला ग्लोव्हर नावाचा पाद्री होता. ग्लोव्हर समुद्रातच वारला. किनाऱ्याला लागल्यावर त्याची विधवा एलिझाबेथ आणि करारावर सोबत आलेला स्टीफन डे यांनी केंब्रिज गावात, नुकत्याच निघालेल्या हार्वर्ड कॉलेजजवळ छापखाना मांडला. डे हा मूळचा कुलपे बनवणारा कारागीर. इंग्रजी वसाहतींमधला हा पहिला छापखाना. (स्पॅनिश अमेरिकेत मेक्सिको शहरात १५३९ पासून छपाई चालू होती, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, ‘अमेरिकेतला पहिला’ हे शब्द या विषयात फार सैल वापरले जातात.)

या छापखान्यातून आधी निघाली नागरिकत्वाची शपथ छापलेला एक सुटा कागद, मग १६३९ सालचे पंचांग. दोन्हींची एकही मूळ प्रत आज नाही. त्यानंतर १६४० मध्ये बायबलमधल्या स्तोत्रांचे नवे पद्यरूपांतर छापले गेले, त्याला आज ‘बे साम बुक’ म्हणतात. सुमारे १७०० प्रती काढल्या होत्या, त्यांतल्या ११ उरल्या आहेत. त्यांपैकी एक २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ४० लाख डॉलरच्या वर गेली. छपाई मात्र अगदी शिकाऊ हातांची आहे. पानांच्या माथ्यावर डावीकडे ‘साम’ हा शब्द एका स्पेलिंगने आणि उजवीकडे दुसऱ्या स्पेलिंगने छापत गेले आहेत, आणि ते कुणाला खटकलेले दिसत नाही.

या विषयात नव्याने येणाऱ्या अभ्यासकाने पहिल्यांदा ही गोष्ट मनाशी पक्की करावी. जे लोकांनी खरोखर वापरले ते बहुतेक संपले. मायकेल विगल्सवर्थच्या कयामतीच्या दिवसावरच्या दीर्घ कवितेच्या १६६२ सालच्या पहिल्या आवृत्तीच्या १८०० प्रती निघाल्या असे सांगतात. तिची एकही पूर्ण प्रत नाही. ‘न्यू इंग्लंड प्रायमर’ नावाच्या बालबोध पुस्तकावर मुलांच्या पिढ्यानपिढ्या अक्षरे गिरवायला शिकल्या. ते १६९० च्या सुमारास निघाले असावे, पण हाती आहे ती सगळ्यांत जुनी प्रत १७२७ ची. आपल्यासमोर ग्रंथालयात जे ठेवलेले असते ते पुष्कळदा कमी हाताळलेले, कुणा विद्वानाच्या कपाटात निवांत राहिलेले साहित्य असते. त्या काळाचे चित्र केवळ त्यावरून रेखाटले, तर ते चित्र पाद्र्यांचे होते, वाचकांचे नाही.

तरीही प्रवचनांना टाळून पुढे जाता येत नाही, आणि टाळू नये. सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये रविवारी दोनदा प्रवचन व्हायचे आणि श्रोते वह्या घेऊन बसायचे. छापलेल्या प्रवचनाच्या नामपृष्ठावर ते कुठे, कोणत्या तारखेला, कोणत्या निमित्ताने झाले हे बहुधा सविस्तर लिहिलेले असते. श्रोत्यांच्या आग्रहावरून छापले, हेही असते. आधी तेच नीट वाचावे. निवडणुकीच्या दिवशी गव्हर्नर आणि प्रतिनिधींपुढे केलेले प्रवचन वेगळे, दुष्काळात किंवा साथीत उपवासाच्या दिवशी केलेले वेगळे, आणि फाशीच्या वेळी, ज्याला फासावर जायचे आहे त्याच्या देखत केलेले तर फारच वेगळे. बॉस्टनमध्ये छापखाना आला १६७५ साली, जॉन फॉस्टरचा; आणि तिथून आलेले पहिले पुस्तक म्हणजे इन्क्रीस मॅदर यांचे, मालकाचा खून करणाऱ्या दोघांच्या फाशीच्या वेळचे प्रवचन. जोनाथन एडवर्ड्स यांचे ८ जुलै १७४१ रोजी एनफील्डला झालेले प्रवचन आज शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून एकटेच भेटते, म्हणून साऱ्या परंपरेचा सूर तसाच भयाचा असेल असा समज होतो. त्याच दशकातली पाचपन्नास प्रवचने सलग वाचली की हा समज टिकत नाही. त्यांत शेतजमिनीचे वाद आहेत, चलनी नोटांवरचे भांडण आहे, नव्या पाद्र्याच्या पगाराचा प्रश्न आहे.

मला स्वतःला या क्षेत्रात सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो एक माणूस. त्याचे नाव जेम्स. निपमक जमातीचा, हॅसनामेसिट गावचा. १६५९ च्या सुमारास तो केंब्रिजच्या छापखान्यात सॅम्युएल ग्रीनच्या हाताखाली उमेदवारीला लागला. त्या वेळी जॉन एलियट हा पाद्री तिथल्या मूळ रहिवाशांच्या मॅसॅच्युसेट भाषेत बायबलचे भाषांतर करत होता. नवा करार १६६१ मध्ये आणि संपूर्ण बायबल १६६३ मध्ये छापून झाले. इंग्रजी वसाहतींमध्ये छापलेले हे पहिले बायबल, आणि ते इंग्रजीत नव्हते. नामपृष्ठावर ग्रीन आणि मार्मड्यूक जॉन्सन हे दोन मुद्रक आहेत. खिळे जुळवणाऱ्यांत जेम्स होता, पण तिथे त्याचे नाव नाही.

१६७५ मध्ये इंग्रज वसाहती आणि मूळ रहिवाशांमध्ये भीषण युद्ध पेटले. लँकेस्टर गावावरच्या हल्ल्यात सामील असल्याचा आरोप जेम्सवर आणि त्याच्या सोबत्यांवर आला. गोरा जमाव त्यांच्या जिवावर उठला होता. जेम्स खटल्यातून निर्दोष सुटला. पुढे तो युद्धात मूळ रहिवाशांच्या बाजूला गेला. मेरी रोलँडसन नावाच्या इंग्रज बाईला त्या बाजूने पकडून नेले होते, तिच्या सुटकेच्या वाटाघाटीची पत्रे लिहिण्याचे काम जेम्सकडे होते. १६७६ मध्ये माफीची घोषणा झाल्यावर तो छापखान्यात परतला. आणि १६८२ मध्ये रोलँडसनबाईंनी लिहिलेली कैदेची हकिकत, त्या काळात सर्वाधिक खपलेल्या पुस्तकांपैकी एक, केंब्रिजच्या त्याच छापखान्यातून निघाली. त्या वर्षी जेम्स तिथेच कामाला होता. तिची त्याच वर्षीची बॉस्टनची आवृत्ती आज केवळ काही पानांपुरती उरली आहे. ती पाने दुसऱ्या एका पुस्तकाच्या बांधणीत अस्तर म्हणून वापरलेली सापडली.

युद्धात एलियटच्या बायबलच्या बहुतेक प्रती नष्ट झाल्या होत्या, म्हणून दुसरी आवृत्ती हाती घेतली गेली. ती १६८५ मध्ये पुरी झाली. ते काम चालू असताना एलियटने इंग्लंडला पत्रातून कळवले, की समजून खिळे जुळवणारा आणि प्रुफे तपासणारा आपल्याकडे हा एकच माणूस आहे. शेवटी १७०९ मध्ये बॉस्टनला स्तोत्रे आणि योहानाचे शुभवर्तमान दोन भाषांत, शेजारी शेजारी स्तंभांत छापले गेले. त्याच्या नामपृष्ठावर, मॅसॅच्युसेट भाषेतल्या मजकुराच्या तळाशी, बी. ग्रीन यांच्याबरोबर जे. प्रिंटर, म्हणजे जेम्स, हे नाव आहे. उमेदवारीला लागल्यानंतर पन्नास वर्षांनी. या पानाची छायाचित्रे सहज मिळतात. या विषयातले पाहिलेले पहिले पान हेच असावे असे मला वाटते.

पुढची गोष्टही सांगायलाच हवी. वाम्पानोआग लोकांची ती भाषा एकोणिसाव्या शतकात बोलण्यातून गेली. १९९० च्या दशकात जेसी लिटल डो बेअर्ड यांनी ती पुन्हा जिभेवर आणण्याचे काम सुरू केले, त्यात एलियटचे बायबल आणि त्याच भाषेतली जुनी कागदपत्रे हा मोठा आधार झाला. धर्मांतरासाठी छापलेले पुस्तक नातवंडांच्या नातवंडांनी आपल्या भाषेसाठी परत मिळवले.

पुस्तिकांकडे वळताना हीच नजर ठेवावी. पुस्तिका म्हणजे काही ताव छापून, दुमडून, बाजूने दोऱ्याने टाचलेले, बांधणी नसलेले पुस्तक. स्वस्त, झटपट, उत्तराला प्रत्युत्तर देता येईल असे. १७२१ साली बॉस्टनमध्ये देवीची साथ आली. शहराची वस्ती सुमारे ११,०००, आजारी पडले जवळजवळ ६,०००, मेले ८४४. कॉटन मॅदर या पाद्र्याच्या सांगण्यावरून झॅब्डिएल बॉइल्स्टन या वैद्याने निरोगी माणसाच्या कातडीत देवीच्या फोडातला द्रव घालायला सुरुवात केली, आधी आपल्याच मुलाला. विल्यम डग्लस या डॉक्टरने कडाडून विरोध केला. दोन्ही बाजूंनी पुस्तिका आणि वृत्तपत्रांतले लेख निघत राहिले, नोव्हेंबरमध्ये मॅदरच्या घरावर बॉम्ब फेकला गेला. बॉइल्स्टनने पुढे लंडनमध्ये आपल्या रोग्यांची नोंद छापली : सुमारे २४० जणांना टोचले, त्यांतले ६ दगावले.

हा वाद लस आणि धर्म यांचा, असे वाचायची सवय आहे. पण मॅदरला ही रीत प्रथम कळली ती त्याच्या घरात गुलाम असलेल्या ओनेसिमस या आफ्रिकी माणसाकडून. आपल्याला लहानपणी टोचले होते हे त्याने हातावरचा व्रण दाखवून सांगितले. डग्लसने आफ्रिकी लोकांच्या अशा साक्षीची टर उडवली. छापलेल्या पानावर ओनेसिमस बोलत नाही. त्याच्याविषयी इतर बोलतात. तरी त्या वादातल्या साऱ्या कागदांमागे त्याचे सांगणे उभे आहे.

जिथे असा माणूस स्वतः बोलतो, तिथे थांबावे. १७७२ मध्ये मोहेगन जमातीचे पाद्री सॅमसन ऑकम यांनी न्यू हेवनला मोझेस पॉल या, त्यांच्यासारख्याच मूळ रहिवाशाच्या फाशीच्या वेळी प्रवचन केले. छापील आवृत्तीच्या आरंभी ते सांगतात, की मोठ्या विद्वानांची पुस्तके साध्या माणसांच्या डोक्यावरून जातात, हे मात्र मुलांना, काळ्यांना, आपल्या लोकांना कळावे म्हणून साध्या बोलीत आहे. त्याच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. न्यू लंडन आणि न्यू हेवन इथल्या मुद्रकांचे आडनाव ग्रीन, केंब्रिजच्या सॅम्युएल ग्रीनचेच वंशज.

क्रांतीच्या काळातल्या पुस्तिकांविषयी मी इथे थोडेच लिहितो, कारण त्यांच्यावर भरपूर लिहिले गेले आहे. टॉमस पेनचे ‘कॉमन सेन्स’ फिलाडेल्फियात रॉबर्ट बेलच्या छापखान्यातून जानेवारी १७७६ मध्ये निघाले. त्याच्या खपाचे जे अवाढव्य आकडे पुस्तकापुस्तकांतून फिरतात ते जसेच्या तसे उचलू नयेत. या पुस्तिका विचारांचा साठा म्हणून कशा वाचायच्या ते बर्नार्ड बेलिन यांच्या १९६७ च्या ग्रंथाने दाखवले, तो वाचावाच.

साधनांबद्दल. आयझाया टॉमस या मुद्रकाने १८१२ मध्ये वूस्टर गावी अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी स्थापन केली. १८२० पूर्वीच्या अमेरिकी छपाईचे ते आजही माहेरघर आहे. चार्ल्स एव्हान्स या ग्रंथपालाने १९०३ पासून वर्षवार सूची छापायला घेतली, १९३४ पर्यंत बारा खंड केले आणि १७९९ च्या मध्यावर तो थकला. पुढचे इतरांनी पुरे केले. त्याच्या सूचीतले क्रमांक आजही या क्षेत्रात पुस्तकांची ओळख म्हणून वापरतात. पण एव्हान्सने जुन्या जाहिरातींवरूनही नोंदी केल्या आहेत, त्यामुळे त्यात कधीच न छापलेली पुस्तकेही आहेत. नोंद दिसली म्हणजे पुस्तक होते, असे धरू नये. यातल्या सुमारे ५,००० पुस्तकांचा मजकूर आज इंटरनेटवर मोफत वाचता येतो, त्यामुळे पुण्यात किंवा कोल्हापुरात बसूनही सुरुवात होऊ शकते.

दोन गोष्टी विसरू नयेत. वसाहतींतले लोक जे वाचत त्यातले पुष्कळसे लंडनहून जहाजाने आलेले असे. इथे छापलेले तेवढेच त्यांचे वाचन नव्हते. आणि अमेरिका म्हणजे एकटे इंग्रजी न्यू इंग्लंड नव्हे. ख्रिस्तोफर साउअरने जर्मनटाउनला १७४३ मध्ये जर्मन बायबल छापले. इंग्रजीतले संपूर्ण बायबल अमेरिकेत १७८२ पर्यंत निघाले नाही, कारण ते छापण्याचा हक्क इंग्लंडात राजाच्या मुद्रकांकडे होता आणि आयात स्वस्त पडे.

मराठी वाचकासाठी या रस्त्याला एक वेगळी वाट आहे. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनॅकलमध्ये पाच तरुण मिशनऱ्यांच्या दीक्षेच्या वेळी लेनर्ड वूड्स यांनी केलेले प्रवचन लगेच छापले गेले. त्या पाचांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले. १८१७ मध्ये तिथल्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघू लागल्या. त्याच छापखान्यात पुढे लहानपणीच कामाला लागलेल्या जावजी दादाजींनी ‘निर्णयसागर’ उभा केला. हॉल यांनी सॅम्युएल न्यूएलबरोबर जगातल्या साठ कोटी लोकांच्या धर्मांतराचा दावा मांडणारी एक इंग्रजी पुस्तिका लिहिली, ती १८१८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला छापली. सेलमचे प्रवचन, अँडोव्हरची पुस्तिका आणि मुंबईच्या मराठी पुस्तिका एका टेबलावर मांडून वाचता येतील असा वाचक बॉस्टनमध्ये क्वचितच मिळेल. खिळे कुणी पाडले, जुळवणी कुणी केली, मराठी कुणी दुरुस्त केली, हे प्रश्न जेम्सच्या छापखान्यात शिकून मुंबईच्या छापखान्याला विचारायचे आहेत.